अग्नी सर्वच दोष जाळतो काय?

एकदा चुलीवर चढले की अन्न निर्दोष झाले, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. ती अर्धीच खरी आहे. उकळीने बहुतेक रोगजंतू मरतात. परंतु जंतूंनी वा बुरशीने अन्नात आधीच सोडलेले विष कित्येकदा तसेच राहते.

याचा दारुण प्रत्यय १९७४ साली आला. गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भिल्ल वस्तीच्या भागांत अवकाळी पावसाने मका भिजला व त्यास बुरशी लागली. गरिबीमुळे लोकांनी तोच भाजून-शिजवून खाल्ला. अनेक गावांत काविळीची साथ पसरली; ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. अफ्लाटॉक्सिन नावाच्या त्या विषापुढे चुलीची आच अपुरी ठरली.

कळसाडी गाव ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तो गुजरातेच्या सीमेस लागूनच आहे. तेथेही मका पिकतो, आणि नंदुरबारच्या बाजारातून लाल मिरची दूरवर जाते. ओल्या मिरचीस व शेंगदाण्यासही हीच बुरशी लागते. शेतकऱ्याने माल खडखडीत वाळविला, तर शहरातील घराचेही रक्षण होते.

पण श्रोतेहो, पुढील जबाबदारी घेणाऱ्याची आहे. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले व कडवट दाणे निःशंकपणे टाकावेत. कुटात मिसळून खपवू नयेत. धान्य, मिरची कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. बुरशी आलेली भाकरी कडा तोडून खाऊ नये.

भाताचेही असेच आहे. काही जंतूंची बीजे उकळीतही तगतात; भात रात्रभर ओट्यावर राहिला की ती वाढून विष निर्माण करतात, आणि सकाळच्या फोडणीने ते जात नाही. यास्तव उरलेला भात दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा.

राहिला प्रश्न काटकसरीचा. टाकवत नाही म्हणून बुरशीचे धान्य गायीस घातले, तर विषाचा अंश दुधात उतरतो. कामवाल्या बाईस दिले, तर तिची मुले ते खातात. जे स्वतःच्या ताटात नको, ते दुसऱ्याच्याही ताटात नको. अन्न वाया जाऊ न देणे हा सद्‌गुण खरा. पण त्याचा आरंभ ते नीट राखण्यापासून होतो, नासलेले खपविण्यापासून नव्हे.