फायलींची हलवाहलव
घरच्या संगणकांतील शेंकडों छायाचित्रें तारखेवार लावण्याचें काम पायथन भाषेंतील थोड्या ओळी क्षणांत करितात. परंतु त्यांत एक धोका आहे. नांव बदलणारी ‘ओएस.रीनेम’ ही आज्ञा, त्याच नांवाची फाईल आधीं असल्यास, विंडोजवर चूक दाखवून थांबते. लिनक्सवर मात्र जुनी फाईल निमूटपणें घालवून नवी तिच्या जागीं बसविते. कॅमेरे छायाचित्रांस अनुक्रमांकांचीं नांवें देतात. दोन कॅमेऱ्यांचीं नांवें जुळलीं, कीं एक छायाचित्र सूचनेवांचून नाहींसें होतें.

उपाय साधा आहे. प्रथम कांहींही न हलवितां जुन्या-नव्या नांवांची यादीच पडद्यावर उमटवावी. नवें नांव आधींच वापरांत आहे काय, हें ‘ओएस.पाथ.एग्झिस्ट्स’नें पाहावें. मग थोड्या प्रतींवर प्रयोग करावा. मूळ छायाचित्रांस हात लावावयाचा तो यानंतरच.