एक सूर फिरतो, एक घरी राहतो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा निरोप आला, "तू तिकडे गायकवृंदात गातोस म्हणे. त्याबद्दल दहा मिनिटं बोल. फक्त गाऊ नकोस." माझा आवाज शाळेपासून ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना ही अट समजेल.

जर्मनीत मी राहतो तिथे दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही चाळीसेक हौशी माणसं गायला जमतो. त्यांत दातांचे डॉक्टर आहेत, बसचालक आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. मी खर्जवाल्यांच्या रांगेत उभा असतो. तिथेच आर्वो पेर्ट या संगीतकाराच्या रचनांशी माझी गाठ पडली. आज त्यांच्याविषयी बोलतो.

पेर्ट यांचा जन्म १९३५ चा, बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियातला. हा छोटा देश पुढे सोव्हिएत संघात ओढला गेला. पेर्ट यांच्या घरी एक पियानो होता, पण त्याच्या मधल्या पट्ट्या खराब झालेल्या. त्यामुळे हा मुलगा अगदी वरचे आणि अगदी खालचे सूर वाजवत बसे. पुढे टालिनमध्ये हाइनो एलर या गुरूंकडे ते शिकले, आणि पोटापाण्यासाठी रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करू लागले.

१९६८ साली त्यांची 'क्रेडो' ही रचना टालिनला सादर झाली. पियानो, मोठा गायकवृंद आणि पूर्ण वाद्यवृंद. बाखच्या एका शांत पियानोरचनेतून ती सुरू होते. मध्ये 'डोळ्याला डोळा, दाताला दात' हे शब्द येतात, तेव्हा सगळा वाद्यवृंद एकमेकांवर तुटून पडतो. शेवटी पुन्हा बाख. पण 'माझी येशूवर श्रद्धा आहे' असं उघड्या सभागृहात गायचं, हे त्या राजवटीला कसं चालणार? वादळ उठलं, आणि ती रचना तिथल्या मंचावरून पुढे कित्येक वर्षं गायब झाली.

त्यानंतर पेर्ट जवळजवळ गप्प झाले. १९७१ मधली तिसरी सिंफनी आणि उपजीविकेसाठी केलेलं चित्रपटसंगीत सोडलं, तर सुमारे आठ वर्षं त्यांनी फारसं काही बाहेर येऊ दिलं नाही. या काळात ते मध्ययुगीन चर्चमधलं एकसुरी गायन ऐकत राहिले आणि नुसत्या एका ओळीच्या चाली लिहून वह्याच्या वह्या भरत राहिले. चाळिशीला आलेला, नावाजलेला माणूस बाराखडीपासून गिरवायला बसला! समोर बसलेल्या शिक्षकांना यातलं मोल मी सांगायला नको.

१९७६ मध्ये यातून जे निघालं त्याला त्यांनी 'टिनटिनाबुली' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान घंटा. पद्धत ऐकायला सोपी आहे. एकाच वेळी दोन सूर चालतात. पहिला एकेक पायरी चढत-उतरत फिरतो. दुसरा तीनच सुरांत राहतो. आपल्या भाषेत सा, गंधार आणि पंचम. तंबोऱ्यासारखा तो एकाच जागी घुमत नाही. पहिला जिथे जाईल, त्याच्या जवळचा आपल्या तिनांतला सूर धरून तो सोबत करतो. कधी दोघांचं मधुर जुळतं, कधी खटका उडतो. पण फिरणारा कितीही लांब गेला तरी घर कुठे आहे हे ऐकू येत राहतं. पेर्ट यांचं म्हणणं असं की हे दोन सूर नाहीतच, दोन्ही मिळून एकच आहे.

मित्रहो, मी फिरणाऱ्यांपैकी. माझे वडील गेले त्या रात्री मी सहा-सात हजार किलोमीटर दूर होतो. विमान मिळून मी पोचेपर्यंत डॉक्टर, दाखला, आईजवळ बसणं, सगळं इथे राहिलेल्या तिघांनी पाहिलं. ते तिघे आत्ता या सभागृहात आहेत. नावं घेतली तर रागावतील, म्हणून घेत नाही. स्नेहमेळाव्यात कौतुक बहुधा लांब गेलेल्यांचं होतं. मला वाटतं, तीनच सुरांत राहून सोबत करणं हे जास्त अवघड काम आहे. तालमीत मी दोन्ही गाऊन पाहिलं आहे. चाल गाताना सूर तुम्हाला पुढे नेतो. दुसरी ओळ गाताना सारखं दुसऱ्याकडे कान लावून राहावं लागतं.

पेर्ट यांनाही घर सोडावं लागलं. १९८० साली पत्नी नोरा आणि दोन मुलांसह ते व्हिएन्नाला आणि मग बर्लिनला गेले. तीस वर्षांनी, २०१० मध्ये, इस्तंबूलला त्यांचं 'अ‍ॅडम्स लॅमेंट' पहिल्यांदा गायलं गेलं. गायकवृंद आणि तंतुवाद्यं. नंदनवनातून बाहेर पडलेला आदिपुरुष आदाम त्यात रडतो, कारण त्याचं घर गेलं आहे. त्याच सुमारास पेर्ट स्वतः एस्टोनियात परतले होते. टालिनपासून जवळ, लाउलास्मा इथे पाइनच्या रानात २०१८ पासून त्यांच्या हस्तलिखितांचं आणि वह्यांचं केंद्र उभं आहे.

आमच्या गायकवृंदाने त्यांचं 'दा पाचेम' गायलं. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी ही शांतीची प्रार्थना लिहायला घेतली. सूर थोडे, चाल अगदी संथ. कागदावर पाहून आम्ही म्हणालो, एका तालमीचं काम. कित्येक आठवडे लागले. सूर इतके थोडे असले की कोणालाच लपता येत नाही.

आता माझं बोलणं संपवतो आणि तुम्हाला त्यांची 'कांटुस' ही सहा-सात मिनिटांची रचना ऐकवतो. यात गायक नाहीत, फक्त तंतुवाद्यं आणि एक घंटा. ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराच्या निधनानंतर १९७७ मध्ये ती लिहिली. पेर्ट यांना त्यांना भेटायचं होतं, ते राहूनच गेलं. यातली चाल म्हणजे फक्त एक अवरोह आहे, आपल्या आसावरी थाटाचा. सगळी वाद्यं तोच उतरतात, पण प्रत्येक खालचं वाद्य आधीच्याच्या निम्म्या गतीने. सर्वांत खर्जातलं वाद्य सोळापट संथ. प्रत्येक जण आपापल्या वेळी आपल्या शेवटच्या सुरावर पोचतो आणि तिथेच इतरांची वाट पाहत थांबतो.

एकच विनंती. शेवटी तंतुवाद्यं एकदम थांबतील आणि मघाशीच हळूच वाजलेल्या घंटेचा नाद मागे राहील. तो पूर्ण विरेपर्यंत टाळ्या नकोत. शाळेत घंटा संपायच्या आत दप्तर उचलणाऱ्यांनी आज तरी बसून राहावं.