पाऊल आणि पादत्राण
(पदभ्रमणपूर्व पालकसभेतील भाषण)



१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. अरण्यात आता आपण पाहुणे म्हणून जातो. वाट मात्र पूर्वीइतकीच खडतर आहे. आपल्या दारातल्या असोला-भाटीत विलायती किकराचा काटा पातळ तळातून थेट पायात शिरतो. सुट्टीत गावी गेलेली मुले पावसाळी राजगड चढतात, तेव्हा ओल्या कातळावर गुळगुळीत तळ क्षणात घसरतो. म्हणून जाड, खोल खाचांचा तळ आणि घोट्याला आधार देणारा बूट हवा.

बूट सायंकाळी घ्यावा; दिवसभरात पाऊल किंचित फुगलेले असते. जाड मोजे घालूनच तो पाहावा. उतरणीवर बोटे पुढे सरकतात, यास्तव पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. टाच मात्र उचलली जाऊ नये. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून घेतलेला फार मोठा बूट टाचेला फोड आणतो आणि मूल संकोचाने ते सांगत नाही. नवा बूट आधी दोन-तीन आठवडे रोज थोडा वापरावा. माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेल्या बुटाचा तळ डोंगरात सुटू शकतो. तो वाकवून तपासावा.

ज्यांना ही खरेदी जड जाते, त्यांनी निःसंकोच कळवावे. ज्यांच्या मुलांचे पाय वाढले, त्यांनी सुस्थितीतले बूट शाळेत द्यावेत. पादत्राणाअभावी एकाही मुलाची डोंगरवाट अडू नये, एवढीच विनंती.