कुठलं अ‍ॅप चांगलं?

(भिलाईतल्या एका अभ्यासवर्गात पदवीधर तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)



"दादा, क्रिप्टो घ्यायला कुठलं अ‍ॅप चांगलं?" हा प्रश्न तुमच्यापैकी निदान दहा जणांनी मला विचारलाय. उत्तराआधी माझी चूक सांगतो.

माझे बाबा भंडाऱ्याहून इथे आले, ठेकेदाराकडे राबले. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागली आणि मोबाइलवर क्रिप्टो सुरू केलं. एकदा यूएसडीटी थेट एका अनोळखी माणसाला विकलं, कारण तो बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देत होता. पैसे खात्यात आले. दहा दिवसांनी खातं गोठलं. तो पैसा दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीतला होता. माझा पगार आणि बहिणीची नर्सिंगची फी त्याच खात्यात. आईने कानातले गहाण ठेवले. खातं सुटायला चार महिने लागले.

महादेव अ‍ॅपच्या प्रकरणाने भिलाईचं नाव देशभर झालं, तेव्हा मला हेच आठवलं. असल्या धंद्यांना दुसऱ्याच्या नावावरची खाती लागतात. थोड्या पैशांसाठी खातं भाड्याने देणारी पोरं आपल्याच वस्त्यांत सापडतात, आणि नोटीस पहिली त्यांच्याच दारात येते.

आता तुलना. जाहिरातीत फी दिसते, म्हणून आपण फी बघतो. मी पाच गोष्टी बघायला सांगतो.

पहिली, नोंदणी. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आले, त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर पुढे बघूच नका. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसा काही नाही.

दुसरी, खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर. 'शून्य फी' म्हणणारे बरेचदा इथे कमावतात. एकाच मिनिटाला दोन्ही भाव बघा आणि वजाबाकी करा.

तिसरी, नाणं आपल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये काढता येतं का? येत नसेल, तर तुमच्याकडे नाणं नाही, फक्त पडद्यावरचा आकडा आहे.

चौथी, चोरी झाली तर नुकसान कुणाचं? १८ जुलै २०२४ ला वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांचे पैसे अडकले, प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्समधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. तिथे कंपनीने नुकसान स्वतःच्या तिजोरीतून भरण्याचं जाहीर केलं. चोरी दोन्हीकडे झाली, पण ग्राहकाच्या वाट्याला वेगवेगळं आलं. म्हणून अटी वाचा. इंग्रजी जड गेलं तर आपल्या वकील मित्राला घेऊन बसा.

पाचवी, कर. हा सगळीकडे सारखाच, पण हिशोब कोण नीट देतं ते बघा. नफ्यावर ३० टक्के, वर उपकर. विकताना १ टक्का टीडीएस. एका नाण्यात १० हजार कमावले आणि दुसऱ्यात १० हजार घालवले, तर हातात शून्य. तरी कर ३,१२० रुपये, कारण तोटा नफ्यातून वजा होत नाही.

काही जण मला सांगतात, "बाबासाहेबसुद्धा चलनावर मर्यादा हवी म्हणत होते, आणि बिटकॉइन २.१ कोटींच्या पुढे निघणारच नाही." अर्धं खरं आहे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये, रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, असंच त्यांचं म्हणणं होतं. पण कशासाठी? रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी म्हणून. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही आणि घसरलेल्या रुपयाचा भार कष्टकऱ्यावर पडतो, हे त्यांनी मांडलं. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या घरात होतं, वर्षभरात १६ हजारांवर आलं. ज्याच्या किमतीत मजुराची वर्षाची कमाई महिन्यात उडते, त्याला बाबासाहेबांच्या नावाने विकू नका.

मी 'घेऊ नका' म्हणत नाही. बाजारात सगळे जातील आणि आपणच बाहेर थांबायचं, हे मला मान्य नाही. पण ज्याच्या बापाकडे जमीन आहे, त्याचा एक लाख बुडाला तर तो पुन्हा उभा राहतो. आपल्या घरी पहिला पगार म्हणजे आईचं औषध, भावाची फी आणि जुनं कर्ज. ते फेडा. सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवा. त्यानंतर जे गेलं तरी घरात चूल पेटेल, तेवढंच लावा. आणि दोन रुपये जास्त देणाऱ्या अनोळखी माणसाला कधीच विकू नका.

म्हणून मी अ‍ॅपचं नाव सांगणार नाही. या पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून आणा, पुढच्या रविवारी आपण एकत्र बसून तपासू.

जयभीम.