वासा आणि तुळई

श्रोतेहो, आपल्या म्हणींमध्ये घराच्या एका लाकडाचा मोठा बोलबाला आहे. ते लाकूड म्हणजे वासा. दिवस पालटले की आपण म्हणतो, 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.' उपकार विसरणारा माणूस 'खाल्ल्या घरचे वासे मोजतो'. बाहेरून डौल आणि आत काही नाही असं दिसलं, की 'बडा घर, पोकळ वासा' ही म्हण तयारच असते. पण त्याच घरात दुसरं एक लाकूड वाशापेक्षा कितीतरी जास्त ओझं मुकाट्यानं वाहत असतं. त्याचं नाव तुळई. तिच्या वाट्याला असा लौकिक आला नाही.

आता तर हे दोन्ही शब्द मागे पडत चालले आहेत. वर जे दिसेल त्याला 'लाकूड' म्हणायचं, नाहीतर 'बीम' म्हणून मोकळं व्हायचं. कुणी म्हणेल, नावांची सरमिसळ झाली म्हणून बिघडलं काय? बोलण्यात फारसं बिघडत नाही. पण जुनं घर दुरुस्तीला काढलं आणि करवत हातात घेतली, की बिघडतं.

मग फरक तो कोणता? कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. अगदी उंचावर, दोन्ही पाखी जिथं मिळतात तिथं, लांबच लांब आढं असतं. आढ्यापासून खाली वळचणीपर्यंत जी तिरपी लाकडं उतरतात, ते वासे. वाशांवर रीपा, आणि रीपांवर कौलं. तुळई मात्र आडवी. ती एका खांबावरून दुसऱ्या खांबावर किंवा एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जाते. माडी असेल तर माडीचा भार तिच्यावर. पुष्कळ घरांत आढ्याला टेकू देणारा खुंटही तिच्याच पाठीवर उभा असतो. वासे पुष्कळ आणि सडपातळ. तुळया मोजक्या आणि जाडजूड.

शब्दांची कुळंही हेच सांगतात. वासा हा संस्कृत 'वंश' या शब्दावरून आला. वंश म्हणजे कूळ, तसाच वंश म्हणजे बांबू. तुळई आली 'तुला' या शब्दावरून. तुला म्हणजे तराजू, आणि घराच्या छपरातली तुळईसुद्धा.

पण नुसतं तिरपं आणि आडवं एवढ्यावर हा भेद संपत नाही. खरा भेद आहे तो ओझं कसं पेललं जातं यात. तुळईवर भार पडला की ती किंचित वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या गाभ्याला त्या मानानं काम थोडं. म्हणूनच तुळईची उंची महत्त्वाची. सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी घ्या. ती आडवी ठेवण्याऐवजी कडेवर उभी ठेवली, तर तीच फळी तिप्पट भार सोसते, आणि तेवढ्याच भाराखाली तिचा झोल नवव्या हिश्शावर येतो. लाकूड तेच, वजन तेच. फक्त ठेवण बदलली. लाकडाची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे गॅलिलिओनं 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. पण तो ग्रंथ न वाचताही आपले सुतार तुळई उभ्या अंगानं बसवत आले.

जाता जाता 'पोकळ वाशा'विषयीही एक शब्द बोलायला हवा. बांबू आतून पोकळच असतो, तरी झोपडीचा वासा म्हणून तो उत्तम काम देतो, कारण गाभ्याकडे काम थोडं असतं. म्हणीतला वासा वाळवीनं पोखरलेला, तो निराळा.

आता वाशाचं पाहा. वासाही थोडाफार वाकतोच. पण त्याची आणखी एक खोड आहे. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. समोरासमोरचे दोन वासे तेच करतात. आढ्याला खालून भक्कम आधार असेल, तर हा रेटा थोडा राहतो. तो नसेल, तर वासे भिंतींना बाहेर ढकलू लागतात. रंगाऱ्याच्या घडीच्या शिडीला दोन्ही पायांमध्ये दोरी बांधलेली असते. ती सोडली की शिडी फाकते. घरात त्या दोरीचं काम भिंतींना जखडून ठेवणारी आडवी तुळई करते. आता ही तुळई 'मध्येच आडवी येते, डोक्याला लागते' म्हणून कुणी कापली, तर काय होईल? त्या दिवशी काहीच होणार नाही. एखाद-दोन पावसाळ्यांनी भिंतीचा माथा बाहेर कललेला दिसेल.

दुरुस्तीचा विवेक यातूनच येतो. एक वासा कुजला तर तेवढ्यापुरतं पाखं बसतं, कौलं सरकतात, पाणी गळतं. शेजारचे वासे सांभाळून घेतात. त्याच्या जोडीला दुसरा वासा ठोकून काम भागतं. तुळईला शेजारीण नसते. ती गेली की तिच्यावरचं सगळंच खाली येतं. म्हणून तिला हात लावण्याआधी खालून टेकू द्यायचा, मगच बाकीचं बोलायचं. तिचं दुखणंही लपून राहणारं असतं. मधला भाग ठणठणीत दिसतो. पण भिंतीत गेलेलं टोक ओल आणि वाळवी यांनी आधी खाल्लेलं असतं. पावसाळ्याआधी हातोडीनं ठोकून पाहायचं ते हे टोक. आणि विजेची नळी न्यायची म्हणून तुळईच्या मधोमध खालच्या अंगाला खाच कधीही पाडू नये. ताण सर्वांत जास्त तिथंच असतो.

हे केवळ जुन्या वाड्यांच्या हौसेचं बोलणं नव्हे. मराठवाड्यातली माळवदाची घरं पाहा. छप्पर सपाट, तेव्हा वाशाला तिथं काम नाही. सगळी भिस्त तुळयांवर. तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती ढासळल्या. जिथं माळवद नुसतं त्या भिंतींवर टेकलेलं होतं, तिथं भिंतीमागोमाग तेही कोसळलं. पण जिथं तुळया स्वतंत्र लाकडी खांबांवर होत्या, तिथं पुष्कळ ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिलेला दिसला. भिंतीच्या दगडांनी तिथंही माणसं मारली, हे खरं. परंतु तुळईचं टोक कुणावर टेकलेलं आहे, या एका प्रश्नावर त्या पहाटे कितीकांचं जगणं-मरणं ठरलं.

आजच्या काँक्रीटच्या घरातही हा प्रश्न संपलेला नाही. वासे गेले; तुळई 'बीम' होऊन राहिली. ज्या इमारतीत बीम खांबांवर आहेत, तिथल्या मधल्या भिंती बहुधा नुसत्या आडोशाच्या असतात. पण कितीतरी जुन्या इमारतींत स्लॅब आणि बीम थेट भिंतींवर टेकलेले असतात. खोली मोठी करण्यासाठी अशी भिंत पाडणं म्हणजे तुळईच्या पायाखालची जमीन काढून घेणं.

खरं तर भाषेनं तुळईला अगदीच विसरलेलं नाही. आपण 'पाच खणांचं घर' म्हणतो. दोन तुळयांमधलं अंतर तो खण. म्हणजे वाशांना म्हणी मिळाल्या, पण घराचं माप तुळईनंच धरलं. तेव्हा भिंत पाडण्याआधी किंवा लाकूड कापण्याआधी, श्रोतेहो, जाणत्या सुताराला किंवा इंजिनियरला बोलावून एवढंच विचारा: हा वासा आहे की तुळई? आणि तुळई असेल, तर तिची दोन्ही टोकं कुठं टेकली आहेत?