उंबरठ्यावरची अट

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीच्या उभारणीस आरंभ केला. तीत प्रत्येक फाइलीवरील अधिकार मालक, गट आणि इतर अशा तिघांत विभागलेले असतात. गटाचे सदस्यत्व सामान्यतः एका यादीत कायमचे नोंदलेले असते. परंतु एखादा अधिकार यंत्रासमोर बसलेल्यालाच, आणि तोही कामाच्या वेळेतच, द्यावयाचा असेल तर काय करावे?

लिनक्समध्ये ही सोय ‘पॅम’ या प्रमाणीकरण-व्यवस्थेतील गटविषयक घटक करतो. त्याच्या नियमावलीतील प्रत्येक ओळीत पाच रकाने असतात : सेवा, टर्मिनल, वापरकर्ता, वेळ आणि गट. पहिल्या चार अटी जुळल्या म्हणजे प्रवेश करणाऱ्यास पाचव्या रकान्यातील गट लाभतो.

मात्र अट तपासली जाते ती उंबरठ्यावरच. नऊ ते सहा अशी वेळ लिहिली, तरी पावणेसहाला आत आलेल्याचे सदस्यत्व सहाच्या ठोक्याला संपत नाही. तो बाहेर पडेपर्यंत ते टिकते. याहून मोठा धोका निराळाच आहे. तेवढ्या अवधीत त्याने त्या गटाच्या मालकीचा, ‘सेटजीआयडी’ खूण असलेला प्रोग्रॅम करून ठेवला, तर उद्या अट न जुळताही तो अधिकार त्याच्या हाती राहील; दिलेली किल्ली परत घेतली, तरी तिची प्रतिकृती त्याच्याजवळ उरेल. यास्तव वापरकर्त्यास जेथे जेथे लिहिण्याची मुभा आहे, त्या सर्व फाइल-व्यवस्था ‘नोसुइड’ हा पर्याय देऊनच जोडाव्यात. ही दक्षता नसेल, तर वेळेची अट केवळ कागदावरच राहते.