आहेर सगळेच आणतात

'धर्मादाय प्रतिष्ठानं आणि निरोगी वार्धक्य' असा भारदस्त विषय मला दिला आहे, आणि दहा मिनिटं दिली आहेत. ज्येष्ठांची संख्या कशी वाढते आहे, घरं कशी लहान झाली, मुलं कशी लांब गेली, हे तुम्हाला पाठ आहे. ते मी सोडूनच देते. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे. कारण रेडिओ चालू ठेवून माणसं चहा टाकतात, दूधवाल्याला दार उघडतात, आणि नेमकं तेवढंच वाक्य निसटतं.

तर ते वाक्य असं. म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आपण वस्तू देतो, खोल्या बांधून देतो, शिबिरं भरवून देतो. पण ते काम रोज करणाऱ्या माणसाचा पगार देत नाही.

मी आयुष्यभर संस्थांचे हिशेब तपासले. देणाऱ्यांचेही तपासले आणि घेणाऱ्यांचेही. दोन्हीकडचे ताळेबंद बघितल्यावर मला नेहमी लग्नातला आहेर आठवतो. हल्ली पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. पण आमच्या वेळची लग्नं आठवा. भांड्याच्या दुकानात जायचं, स्टीलचा डबा नाहीतर पातेलं निवडायचं, आणि दुकानदार त्या टरटर वाजणाऱ्या यंत्राने त्यावर नाव घालून द्यायचा. कुणाकडून, कुणाला, तारीख काय, सगळं. लग्न उरकलं की नव्या जोडप्याच्या दोन खोल्यांत चार लेमन सेट, तीन कळशा, भिंतीवरची पाच घड्याळं आणि एकात एक न बसणारे डबे. अर्धं सामान थेट माळ्यावर. आणि पहिल्या महिन्याचं घरभाडं? वाण्याचं बिल? स्टोव्हचं रॉकेल? ते कुणी आणलं नव्हतं. कसं आणणार? तुरीच्या डाळीवर नाव घालता येत नाही. डाळ शिजली, खाल्ली, की देणाऱ्याची खूण उरत नाही.

आता एखाद्या तालुक्याच्या गावी ज्येष्ठांसाठी चालवलेल्या दिवसाच्या केंद्रात जाऊन बघा. कपाटावर नाव. बाकावर नाव. पाण्याच्या कूलरवर नाव, आणि पंखा इतक्या उंचीवर असूनही त्याच्या पात्यांवर नाव, तेही फिरताना वाचता येत नाही. दारात कोनशिला. हे मी चेष्टेने म्हणते आहे, पण देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आई-वडिलांच्या स्मरणार्थ काही राहावं असं कुणालाही वाटतं. माझं म्हणणं एवढंच की त्या केंद्रात आठवड्यातून दोनदा येऊन गुडघ्यांचे, तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेणारी मुलगी जून महिन्यात सोडून गेलेली असते. तिच्या मानधनाची तरतूद मार्चपर्यंतच होती. आणि भेट मिळालेल्या व्यायामाच्या सायकलीवर आता टॉवेल वाळत असतात.

निरोगी वार्धक्य हे प्रकरण वस्तूंनी भागणारं नाही, म्हणून मी एवढ्या पोटतिडकीने बोलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी वार्धक्याची जी व्याख्या केली, तिच्यात रोग नसणं ही अटच नाही. रक्तदाब असेल, साखर असेल, तरी चालेल. आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं ते करता यावं, ती क्षमता टिकावी, हा तिचा गाभा. देवळापर्यंत चालत जाता यावं, भाजी स्वतः निवडून घेता यावी, नातवाचं नाव आठवावं. संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे दशक याच कामासाठी वाहिलं आहे, आणि ते दशक निम्म्याहून पुढे गेलं. आपल्याकडे पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून जास्त लोकांची जी मोठी पाहणी 2017-18 मध्ये झाली, तिच्यातून दिसलं की साठीपुढच्या शंभरातल्या साधारण पंचाहत्तर जणांना एखादा तरी जुनाट आजार असतोच. म्हणजे प्रश्न आजार घालवण्याचा नाही. आजार सोबत घेऊन हिंडतं-फिरतं राहण्याचा आहे.

आणि हिंडतं-फिरतं ठेवायला काय लागतं? गोळी रोज घेतली का, हे विचारणारं माणूस लागतं. न्हाणीघरातली फरशी निसरडी आहे, तिथे धरायला दांडी बसवा, असं घरी येऊन सांगणारं माणूस लागतं. पडणं हा म्हातारपणातला फार मोठा शत्रू. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे उभे राहतच नाहीत. तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने केला तर पडणं कमी होतं. पण तो महिनोन् महिने करून घ्यायला कुणीतरी हवं, आणि शक्यतो तेच कुणीतरी हवं. दर सहा महिन्यांनी नवी ताई आली की आजोबा दोन दिवस येतात आणि मग घरी बसतात. ओळख व्हायलाच त्यांना वेळ लागतो. एकटेपणाचं तर बोलायलाच नको, त्यावर औषधाच्या दुकानात काही मिळत नाही.

मोतीबिंदूची शिबिरं देणाऱ्यांना फार आवडतात. का, ते मला हिशेब बघता बघता कळलं. एक डोळा, एक शस्त्रक्रिया, एक फोटो, अहवालात एक आकडा. शिबिरं वाईट नव्हेत, चुकूनही तसा अर्थ घेऊ नका. दिसायला लागलेल्या बाईला विचारा त्याची किंमत. पण आजी पडली नाही, याचा फोटो कसा काढणार? न घडलेल्या गोष्टीची फीत कापता येत नाही. पुन्हा तेच, डाळीवर नाव घालता येत नाही.

आता कुणी म्हणेल, सरकार आहे ना. आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळू लागला. मोठीच गोष्ट झाली. पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरची. खुब्याचं हाड मोडल्यावर पैसे आहेत. मोडू नये म्हणून घरी येणाऱ्या मुलीला नाहीत. नेमकी ही फट भरायला धर्मादाय पैसा असतो, आणि तो इथेच हात आखडता घेतो.

कायदा आड येतो, असं मला पुष्कळ विश्वस्त सांगतात. थोडं कायद्याचं बोलू, कंटाळू नका. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्याला खर्च करावी लागते, ज्याला आपण सगळे सीएसआर म्हणतो. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रम, दिवसाची केंद्रं आणि ज्येष्ठांच्या इतर सोयी स्पष्ट शब्दांत लिहिल्या आहेत. मग अडतं कुठे? तर 'प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको' या नियमावर बोट ठेवलं जातं. अहो, ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कचेरीच्या खर्चाला आहे! केंद्रात व्यायाम घेणाऱ्या मुलीचा पगार हा प्रशासकीय खर्च नव्हे, तेच तर काम आहे. पण हा नियम खाली झिरपत झिरपत येतो आणि गावातल्या संस्थेच्या पगारपत्रकावर येऊन बसतो. दुसरं, कायदा चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं देतो. तरी संस्थांच्या हातात पडणारी पत्रं एका वर्षाची, एकतीस मार्चपर्यंतची. पैसे डिसेंबरात येतात आणि विनियोग प्रमाणपत्र एप्रिलात मागतात. तीन महिन्यांत पैसे संपवायचे तर संस्था काय करणार? कपाटं घेणार.

परदेशी देणग्यांची कथा निराळी. त्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने तिथे प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, आणि मोठ्या संस्थेने आपल्याला मिळालेले पैसे लहान संस्थेकडे वळवायचे, ही वाटच बंद झाली. त्यावर वेगळं भाषण होईल, आज नको.

पगाराला पैसे देणारी प्रतिष्ठानं नाहीतच, असं मात्र नाही. टाटा ट्रस्ट्सचं बघा. 2017 साली हैदराबादमध्ये त्यांनी विजयवाहिनी चॅरिटेबल फाउंडेशनमार्फत ज्येष्ठांसाठी फोनवरची मदतवाहिनी सुरू केली. तिथे द्यायला वस्तू काय होती? फोन उचलणारी माणसं, पेन्शनचा अर्ज कुठे अडला ते बघणारी माणसं, घरातून हाकललेल्या म्हाताऱ्याकडे प्रत्यक्ष जाऊन पोहोचणारी माणसं. सगळा किराणाच की हो, डबा एकही नाही. ते जमलं, टिकलं, म्हणून पुढे केंद्र सरकारने ते देशभर नेलं. 1 ऑक्टोबर 2021 ला 'एल्डरलाइन' राष्ट्रीय पातळीवर आली. क्रमांक आहे 14567, पैसे पडत नाहीत, सकाळी आठ ते रात्री आठ. लिहून घ्या. पेन्सिल सापडेपर्यंत पुन्हा सांगते: एक चार पाच सहा सात.

यात एक बारकावा आहे आणि तोच निसटेल म्हणून थांबून सांगते. धर्मादाय पैसा जन्मभर पुरत नाही, पुरायलाही नको. नव्या संसाराला पहिली तीन-चार वर्षं कुणी शिधा भरला, तर पुढे ते घर आपल्या पायावर उभं राहतं, सरकार हात देतं, गाव वर्गणी देतं. पण पहिल्या महिन्यातच चूल पेटली नाही तर पाच घड्याळांनी काय होणार? वेळ तेवढी कळेल.

अमेरिकेतलं एक उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यातले देणारे खरोखरच वाणी होते. जॉन आणि जॉर्ज हार्टफर्ड हे दोघे भाऊ 'ए अँड पी' नावाच्या किराणा दुकानांच्या प्रचंड साखळीचे मालक. 1929 साली त्यांच्या पैशातून हार्टफर्ड फाउंडेशन उभं राहिलं, आणि 1980 नंतरच्या दशकांत त्याने वार्धक्य हाच विषय धरला. त्यांनी पैसा प्रामुख्याने कशात घातला? माणसं शिकवण्यात. म्हाताऱ्यांवर उपचार करणारे डॉक्टर घडवले. 1996 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात वृद्धांच्या शुश्रूषेचं शिक्षण देणारी संस्था उभी केली. आणि 2017 पासून इस्पितळांना त्यांनी चारच गोष्टी विचारायला लावल्या. या माणसाला स्वतःला काय हवं आहे? औषधं नेमकी आहेत का, की उगाच वाढलीत? मन आणि स्मरण कसं आहे? आणि चालतंय का? बघा, चारांतल्या एकाही प्रश्नाला नवीन यंत्र लागत नाही. विचारणारं, ऐकून घेणारं माणूस लागतं.

फोर्ड फाउंडेशनची कचेरी तर आपल्या दिल्लीत 1952 पासून आहे. 2015 मध्ये त्यांनी प्रकल्पाच्या अनुदानात संस्थेच्या रोजच्या खर्चासाठीचा वाटा दहा टक्क्यांवरून वीस टक्के केला. इतक्या जुन्या, इतक्या श्रीमंत प्रतिष्ठानाला हे सुचायला 2015 उजाडावं लागलं, तर आपल्या पेठेतल्या ट्रस्टवर मी फार रागावत नाही. थोडीशी रागावते.

आता घेणाऱ्या संस्थांनाही दोन शब्द. तुम्ही मागता काय? अर्ज मी वाचलेले आहेत. इन्व्हर्टर, खुर्च्या, प्रोजेक्टर, गाडी. गाडी मागता आणि ड्रायव्हर मागत नाही! पगार मागायची लाज वाटते, सेवाभावी म्हणवतो आणि पैसे कसे मागायचे असं वाटतं. मग ती मुलगी साडेचार-पाच हजारांवर राबते, लग्न ठरलं की जाते, आणि तुम्ही म्हणता हल्ली सेवाभाव उरला नाही. भाडं, वीजबिल, हिशेबनीसाचे पैसे, त्या मुलीचा पगार आणि तिचा भविष्यनिर्वाह निधी, हे सगळं अर्जाच्या पहिल्या पानावर लिहा. देणारा नाही म्हणाला तर म्हणू दे. निदान मागितलं होतं अशी नोंद राहील.

आणि श्रोत्यांमध्ये जे कुणी ट्रस्टवर असतील... काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं असावीत. ट्रस्टवर असाल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: मागच्या पाच वर्षांत आपण ज्यांना दिलं, त्यांच्याकडे तेव्हा काम करणारी माणसं आज आहेत का? कपाट आहे का, हे विचारू नका, ते असणारच. स्टीलच्या कपाटाला काही होत नाही.

खरं म्हणजे मला कॉर्पसबद्दलही बोलायचं होतं. कायम ठेवीच्या व्याजावर एका माणसाचा पगार निघू शकतो, आणि त्या जागेला आईचं नाव देता येतं. म्हणजे डाळीवरही नाव घालायची सोय... आणि मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवताना 'फक्त इमारतीसाठी' हे शब्द वकिलांकडून का खोडून घ्यावेत, तेही राहिलं. ते शब्द एकदा लिहिले गेले की विश्वस्तांचे हात बांधले जातात आणि मग धर्मादाय आयुक्तांकडे... नाही, एक बोट दाखवताहेत. मृत्युपत्र करणार असाल तर तेवढा शब्द वकिलांशी बोलून घ्या.